अंश तोच, छेद वेगळा: अमेरिकी न्यायव्यवस्थेतल्या वंशभेदाचा वाद

अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १४ टक्के आहेत. तिथल्या राज्यांच्या आणि फेडरल (केंद्र सरकारच्या) तुरुंगांत शिक्षा भोगणाऱ्यांमध्ये मात्र त्यांचा वाटा जवळपास एक तृतीयांश आहे. दर लाख लोकांमागे तुरुंगात किती, असं मोजलं तर कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे पाचपट येतं. २००० साली राज्यांच्या तुरुंगांत हेच प्रमाण आठपटीच्या वर होतं, म्हणजे वीस वर्षांत दरी बरीच कमी झाली. तरी पाचपट म्हणजे काही थोडं नव्हे.

इथवर कुणाचं दुमत नाही. भांडण सुरू होतं ते "असं का?" विचारल्यावर. एक जण म्हणतो, लोकसंख्येत १४ आणि तुरुंगात ३३, याला भेदभाव नाही तर काय म्हणायचं? दुसरा म्हणतो, अटका बघा, तुरुंगातलं प्रमाण साधारण अटकांच्या प्रमाणातच आहे. दोघंही अंश एकच घेतात, छेद मात्र वेगळा. पहिला लोकसंख्येने भागतो, दुसरा अटकांनी. वाद समजून घ्यायचा असेल तर कोणताही आकडा समोर आला की आधी विचारायचं: याला कशाने भागलंय, आणि तो छेद कुणी तयार केला?

हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. रस्त्यावर अडवण्यापासून शिक्षा सुनावण्यापर्यंत किमान सात ठिकाणी कुणीतरी माणूस निर्णय घेतो. कुणाला अडवायचं, कुणाला अटक करायची, कोणतं कलम लावायचं, जामीन द्यायचा का, गुन्हा कबूल केल्यास किती सवलत द्यायची, ज्युरीत (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळात) कुणाला बसवायचं आणि शिक्षा किती द्यायची. प्रत्येक टप्प्याचा छेद मागच्या चाळणीतून पडलेला असतो. पहिल्याच चाळणीत गफलत असली, तर पुढची सगळी माणसं प्रामाणिकपणे वागूनही निकाल वाकडाच येतो. शिवाय कल अगदी लहान असला तरी तो गुणत जातो. सातही ठिकाणी फक्त दहा-दहा टक्के जास्त कडकपणा दाखवला गेला, तर शेवटी प्रमाण जवळपास दुप्पट होतं, कारण १.१ चा सातवा घात १.९५ येतो. यात एकाही माणसाला स्वतःच्या हातून अन्याय झाल्याचं जाणवणार नाही.

पहिली चाळणी रस्त्यावरची. न्यूयॉर्क पोलिसांनी २०११ या एका वर्षात लोकांना ६,८५,७२४ वेळा अडवलं. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात असे सुमारे ४४ लाख प्रसंग घडले आणि त्यांतल्या ८३ टक्क्यांत अडवलेली व्यक्ती कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मुळं असलेली) होती. शहराच्या लोकसंख्येत हे दोन्ही गट मिळून निम्म्याहून थोडे जास्त. शहराच्या बाजूने युक्तिवाद असा झाला की लोकसंख्येने भागणं चूक आहे. हिंसक गुन्ह्यांत बळी पडलेले लोक संशयितांचं जे वर्णन देतात, त्याच्याशी तुलना करा, म्हणजे प्रमाण जुळेल.

ऑगस्ट २०१३ मध्ये फ्लॉइड विरुद्ध न्यूयॉर्क शहर या खटल्यात न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी हा युक्तिवाद ज्या कारणाने फेटाळला, ते नीट वाचण्यासारखं आहे. अडवलेल्यांपैकी जवळपास नव्वद टक्के लोकांवर पुढे काहीही कारवाई झाली नाही. ना अटक, ना समन्स. म्हणजे ही बहुतांशी निरपराध माणसं होती. मग निरपराधांच्या गर्दीची तुलना गुन्हेगारांच्या वर्णनाशी का करायची? एखाद्या वस्तीत चोर कोणत्या वर्णाचे आहेत, यावरून तिथल्या दुकानात दूध आणायला निघालेला माणूस कोणत्या वर्णाचा, हे ठरत नाही. छेदच चुकीचा निवडला होता.

त्याच खटल्यात आणखी एक कसोटी पुढे आली. झडती किंवा अडवणूक "लागली" किती वेळा, म्हणजे खरंच काही सापडलं किती वेळा, हे मोजायचं. सगळ्यांच्या बाबतीत पोलिसांना सारखाच संशय आल्यावर ते अडवत असतील, तर शस्त्र सापडण्याचं प्रमाणही साधारण सारखं असायला हवं. प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांना अडवल्यावर १.० टक्के वेळा शस्त्र जप्त झालं, हिस्पॅनिकांच्या बाबतीत १.१ टक्के आणि गोऱ्यांच्या बाबतीत १.४ टक्के. अंमली पदार्थ वगैरे इतर बेकायदा वस्तूंचे आकडे अनुक्रमे १.८, १.७ आणि २.३. गोऱ्या माणसाला अडवायला जास्त ठोस कारण लागत होतं आणि इतरांना कमी कारणावर अडवलं जात होतं, असा याचा सरळ अर्थ निघतो.

ही कसोटी निर्दोष नाही, हेही सांगायला हवं. ती सरासरी मोजते, आणि पोलिसाचा निर्णय उंबरठ्यावर होतो, म्हणजे किमान किती संशय आला की अडवायचं यावर. एका गटात खात्रीलायक संशयाचे मोजकेच लोक असतील आणि दुसऱ्या गटात किरकोळ संशयाचे पुष्कळ, तर उंबरठा सारखा ठेवूनही सरासरी वेगळी येऊ शकते. म्हणून संशोधकांनी आणखी एक युक्ती काढली. ती आम्हाला या सगळ्या वादातली सर्वांत सुंदर मोजणी वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

संध्याकाळी सातची वेळ घ्या. जूनमध्ये त्या वेळी उजेड असतो, डिसेंबरमध्ये काळोख. रस्ता तोच, कामावरून घरी परतणारी माणसंही बरीचशी तीच. बदलतं ते एवढंच की काळोखात गाडीच्या काचेआड बसलेल्या चालकाचा वर्ण पोलिसाला सहज दिसत नाही. आता वर्षभरातल्या अशाच वेळा निवडायच्या, ज्या कधी उजेडात येतात आणि कधी अंधारात. प्रत्येक वेळी अडवलेल्या चालकांमध्ये कृष्णवर्णीय किती, ते मोजायचं. अंधारात त्यांचा वाटा घसरला, तर उजेडात चेहरा बघून अडवलं जात होतं असा निष्कर्ष निघतो. रस्त्यावर कोण किती गाडी चालवतं हा छेद शोधण्याची गरजच उरत नाही. जेफ्री ग्रॉगर आणि ग्रेग रिजवे यांनी २००६ मध्ये ऑकलंड शहरासाठी ही पद्धत मांडली. २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने देशभरातल्या जवळपास १० कोटी वाहतूक-अडवणुकींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हीच कसोटी लावल्यावर अंधारात कृष्णवर्णीय चालकांचा वाटा कमी झालेला दिसला. रस्त्यावरचे दिवे लख्ख असतील तर ही कसोटी बोथट होते, म्हणजे ती भेदभाव कमी दाखवण्याचीच शक्यता असते.

पोलिसांच्या गोळीबाराचा वाद तर छेदावरच पेटला. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रोलँड फ्रायर यांनी २०१६ मध्ये दाखवलं की ढकलणं, बेड्या घालणं यांसारखा बळाचा वापर कृष्णवर्णीयांवर जास्त होतो, पण ह्यूस्टनच्या नोंदींत गोळीबारात वांशिक फरक आढळत नाही. फ्रायर स्वतः कृष्णवर्णीय आहेत आणि निष्कर्षाने आपल्यालाही धक्का बसल्याचं त्यांनी सांगितलं होतं. यावर २०२० मध्ये नॉक्स, लो आणि मुमोलो या तिघांनी आक्षेप घेतला तो असा: पोलिसांच्या नोंदीत फक्त अडवलेले लोक असतात. समजा १०० गोऱ्यांना गंभीर कारणासाठी अडवलं आणि १० वेळा गोळी चालली. प्रमाण १० टक्के. आता १०० कृष्णवर्णीयांना तितक्याच गंभीर कारणासाठी अडवलं आणि १० वेळा गोळी चालली, पण वर आणखी १०० जणांना किरकोळ कारणाने अडवलं, जिथे गोळी चालण्याचा प्रश्नच नव्हता. नोंदीत दिसेल २०० पैकी १०, म्हणजे ५ टक्के. जास्त अडवल्यामुळेच पोलीस कागदावर जास्त संयमी दिसतात. गोळीबारात भेदभाव होताच, असं यातून सिद्ध होत नाही. तो नव्हता, असं त्या नोंदींवरून म्हणता येत नाही, एवढं मात्र नक्की.

दुसऱ्या बाजूचं सर्वांत भक्कम म्हणणं खुनांबद्दल आहे आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. मृतदेह पोलिसांच्या मर्जीवर अवलंबून नसतो. अमेरिकेत अनेक वर्षं खून झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक कृष्णवर्णीय असतात, आणि बहुतेक खून एकाच वंशाच्या माणसांमध्ये होतात. गुन्हेशास्त्रज्ञ आल्फ्रेड ब्लमस्टाइन यांनी १९८२ मध्ये हिशेब मांडला की तुरुंगातल्या वांशिक तफावतीपैकी सुमारे ८० टक्के भाग अटकांमधल्या फरकाने समजावता येतो. खून आणि दरोड्यांत हे उत्तर चांगलं जुळतं. पण गुन्हा जितका किरकोळ, जितका पोलिसांच्या नजरेवर अवलंबून, तितकं ते ढिलं पडतं, आणि अंमली पदार्थांपाशी कोलमडतं. गांजा ओढण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं असताना २०१० मध्ये तो बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांसाठी ३.७३ पट होती, हा एसीएलयू या नागरी हक्क संघटनेचा हिशेब. ज्या वस्त्यांत खून जास्त, त्याच वस्त्यांतल्या लोकांची तक्रार दुहेरी असते: खुनी सापडत नाहीत, आणि कोपऱ्यावर उभी असलेली पोरं मात्र रोज तपासली जातात. दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

कधी कधी तर माणसाच्या मनात काहीच नसतं, कल कायद्याच्या अक्षरातच असतो. १९८६ च्या फेडरल कायद्याने क्रॅक कोकेन ५ ग्रॅम सापडलं तर किमान ५ वर्षं कैद ठरवली. तीच ५ वर्षं पावडर कोकेनसाठी ५०० ग्रॅमला. ५ ग्रॅम म्हणजे साखरेचा एक लहान चमचा; ५०० ग्रॅम म्हणजे अर्ध्या किलोची पिशवी. द्रव्य एकच. एक नाकाने ओढायची पूड, दुसरे जाळून ओढायचे खडे. कायद्यात वंशाचा उल्लेखही नाही. पण फेडरल न्यायालयांत क्रॅकसाठी शिक्षा होणाऱ्यांत ८० टक्क्यांहून जास्त लोक कृष्णवर्णीय असायचे. हे १:१०० प्रमाण २०१० मध्ये बदलून २८ ग्रॅमला ५ वर्षं, म्हणजे साधारण १:१८ केलं गेलं. आधीच तुरुंगात असलेल्यांना त्याचा लाभ मिळायला २०१८ चा आणखी एक कायदा लागला. २४ वर्षं हा चमच्याचा हिशेब चालू होता, आणि त्याला कायद्यासमोर समानता म्हटलं जात होतं.

न्यायाधीशांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण खरी सत्ता बऱ्याचदा सरकारी वकिलाच्या हातात असते. फेडरल न्यायालयांत दहापैकी नऊहून जास्त दोषी आरोपी खटला न लढवता गुन्हा कबूल करतात, त्यामुळे कलम कोणतं लागलं यावर जवळपास सगळं ठरतं. मारित रेहावी आणि सोन्या स्टार यांच्या २०१४ च्या अभ्यासात, अटकेच्या वेळचा गुन्हा आणि पूर्वेतिहास सारखा असलेल्या आरोपींमध्ये कृष्णवर्णीयांना सुमारे १० टक्के लांब शिक्षा झाल्याचं दिसलं. त्यातला निम्म्याहून जास्त फरक सुरुवातीच्या कलमांतून आला होता, विशेषतः किमान शिक्षा बंधनकारक असलेली कलमं लावण्यातून. कलम लागल्यानंतरच्या टप्प्यापासून मोजणाऱ्या अभ्यासांत हा फरक दिसतच नाही, कारण तो छेदात आधीच मुरलेला असतो.

आता यंत्राकडे येऊ. माणसाच्या मनात पूर्वग्रह असतो, म्हणून अनेक ठिकाणी जामिनाच्या किंवा शिक्षेच्या वेळी संगणकाने काढलेला धोक्याचा गुण न्यायाधीशांपुढे ठेवतात. कॉम्पास ही त्यातली गाजलेली प्रणाली. प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीतल्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ७,००० हून अधिक आरोपींचे गुण तपासले. ज्यांनी पुढच्या दोन वर्षांत गुन्हा केला नाही, त्यांच्यापैकी "जास्त धोका" असा शिक्का कृष्णवर्णीयांत ४४.९ टक्क्यांवर बसला होता, गोऱ्यांत २३.५ टक्क्यांवर. कॉम्पास बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर असं: आमचा जास्त धोक्याचा शिक्का दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात खरा ठरतो, मग भेदभाव कुठे?

गंमत नव्हे, पण दोघांचंही गणित बरोबर होतं. समजा दोन गट आहेत, प्रत्येकी १,००० लोकांचे. पहिल्यातले ५०० पुन्हा पकडले जातात, दुसऱ्यातले २००. यंत्र पहिल्या गटात ५०० जणांवर शिक्का मारतं, त्यांपैकी ३५० खरोखर पकडले जातात, म्हणजे ७० टक्के. दुसऱ्या गटात २०० वर शिक्का, १४० पकडले जातात. तेही ७० टक्के. शिक्का सारखाच विश्वासार्ह. आता ज्यांनी काही केलं नाही त्यांच्याकडे बघा. पहिल्या गटात असे ५०० लोक, त्यांतल्या १५० वर उगाच शिक्का बसला: ३० टक्के. दुसऱ्या गटात असे ८००, त्यांतल्या ६० वर बसला: साडेसात टक्के. मूळ प्रमाणच वेगळं असेल तर सगळ्या अर्थांनी समान वागणूक देणारा गुण बनवताच येत नाही, हे त्यानंतर संशोधकांनी गणिताने सिद्ध केलं. सॉफ्टवेअर सुधारून हा पेच सुटत नाही. कोणती समानता हवी, हे माणसांनाच ठरवावं लागतं. आणि यंत्र "पुन्हा गुन्हा" मोजतं ते पुन्हा झालेल्या अटकेवरून, म्हणजे पहिल्या चाळणीतला कल इथे परत येतो.

न्यू जर्सीने १ जानेवारी २०१७ पासून पैसे भरून जामीन मिळवण्याची पद्धत जवळपास बंद केली. आता आरोपीचं वय, चालू खटले, आधीच्या शिक्षा, तारखेला गैरहजेरी अशा नऊ गोष्टींवरून गुण काढतात. वंश, नोकरी, पत्ता यांत नाही. २०१२ आणि २०१८ मधल्या ऑक्टोबरच्या एकाच दिवसाची तुलना केली, तेव्हा कोठडीत सुमारे ३,००० कृष्णवर्णीय, १,५०० गोरे आणि १,३०० हिस्पॅनिक कमी होते. पण कोठडीतला कृष्णवर्णीयांचा वाटा २०१२ मध्येही ५४ टक्के आणि २०१८ मध्येही ५४ टक्के. टक्केवारी बघणाऱ्याला सुधारणा फसलेली दिसते. आमच्या मते ती फसलेली नाही. खटला उभा राहण्याआधी तीन हजार माणसं घरी जाऊन कामावर हजर होऊ शकली, याचं मोल टक्क्यांत मोजता येत नाही.

ज्युरी म्हटलं की आपल्याला १९५९ चा मुंबईतला नानावटी खटला आठवतो. भारतात ती पद्धत मागे पडली; अमेरिकेत ती जिवंत आहे आणि तिथल्या मराठी नागरिकांनाही तिचं बोलावणं येतं. निवड करताना दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही उमेदवार कारण न देता नाकारता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या बॅट्सन निकालाने वंशावरून नाकारायला बंदी घातली. आक्षेप आला की वकिलाने वंशाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं आणि ते खरं की बहाणा, हे न्यायाधीशाने ठरवायचं. कारण काढणं सोपं असतं: नजर टाळली, उत्तर देताना चाचरला. मिसिसिपीतल्या कर्टिस फ्लॉवर्स या आरोपीवर एकाच प्रकरणी सहा वेळा खटला चालला. त्यात सरकारी बाजूने ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीय उमेदवार नाकारले. सहाव्या वेळी पाच नाकारलेल्या कृष्णवर्णीयांना मिळून १४५ प्रश्न विचारले, तर निवडलेल्या ११ गोऱ्यांना मिळून १२. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती शिक्षा रद्द केली.

वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये पळवाटच बुजवली. वकिलाच्या मनात काय होतं हे शोधत न बसता, तटस्थ माणसाला त्या नकारात वंशाचा हात दिसू शकतो का, एवढंच बघायचं. पोलिसांवर विश्वास नसणं, नातेवाइकाला कधी अटक झालेली असणं, इंग्रजी मातृभाषा नसणं ही कारणं मुळातच संशयास्पद धरली जातात. याच राज्यातल्या सिएटलमध्ये राहणाऱ्या मराठी नागरिकाला हे शेवटचं कारण थेट लागू पडतं. न्यू जर्सीने २०२२ मध्ये याच धर्तीचा नियम केला, ॲरिझोनाने तर कारण न देता नाकारण्याची सोयच काढून टाकली.

हेतू शोधायचा की परिणाम बघायचा, हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे विचारला गेला तो १९८७ मध्ये. गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल जॉर्जियात वॉरन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीयाला मृत्युदंड झाला होता. त्याच्या वकिलांनी डेव्हिड बाल्डस यांचा, दोन हजारांहून जास्त प्रकरणांचा अभ्यास पुढे ठेवला. वंशाशी संबंध नसलेले ३९ घटक जमेस धरूनही, बळी गोरा असेल तर मृत्युदंडाची शक्यता ४.३ पट निघत होती. इथे छेद ठरला तो मेलेल्या माणसाच्या वंशाचा. कुणाच्या मरणाची किंमत किती, हे त्या आकड्यात उघडं पडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने अभ्यास ग्राह्य आहे असं गृहीत धरलं आणि तरी ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की मॅक्लेस्कीच्याच खटल्यात कुणी हेतुपुरस्सर भेदभाव केला, हे सिद्ध झालेलं नाही. असा पुरावा कोण कुठून आणणार? २५ सप्टेंबर १९९१ रोजी त्याला विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला गेला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांना निवृत्तीनंतर त्यांच्या चरित्रकाराने विचारलं, तुमचं एखादं मत बदलावंसं वाटतं का? त्यांनी याच खटल्याचं नाव घेतलं.

कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या वांशिक न्याय कायद्याने तो दरवाजा आपल्या हद्दीत उघडला. आता आरोपीला हेतू सिद्ध करावा लागत नाही. त्या काउंटीत आपल्या वंशाच्या लोकांवर जास्त गंभीर कलमं जास्त वेळा लावली जातात, हे आकड्यांनी दाखवता येतं. त्यासाठी सरकारी वकिलाच्या दफ्तरातल्या जुन्या प्रकरणांच्या नोंदीही मागता येतात. अट एकच: तुलना करायची ती सारखंच कृत्य केलेल्या, सारख्याच परिस्थितीतल्या इतर वंशांच्या आरोपींशी. मग "सारख्याच परिस्थितीतले" कोणाला म्हणायचं, यावर तिथल्या न्यायालयांत आज दोन्ही बाजूंचे वकील फायलींच्या याद्या घेऊन भांडतात.